मानांकित नसलेलं नाक

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया गळला तर सगळ्यांच्या आधी कळावं म्हणून बारा डिटेक्टर बसवले होते, आणि त्या बारांची देखभाल ज्या बाईंकडे होती त्यांना कसलाच वास येत नसे. हे ऐकून नवा माणूस आधी हसायचा. मग त्याला वाटायचं, आपली कोणीतरी फिरकी घेतंय. शेवटी तो जाऊन त्यांनाच विचारायचा, आणि त्या शांतपणे सांगायच्या, "हो, नऊ वर्षं झाली. तापात गेला. तुमच्या मोज्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, बाकीच्यांना विचारा."

सगळे त्यांना नाकमावशी म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही. मी ठेवलं नाही एवढं खात्रीने सांगतो, कारण मी तिथे आवक-जावक कारकून होतो, आणि कारकुनाने काही ठेवायचंच असलं तर ते फायलीत. मावशींना नावाचा राग नव्हता. घरी त्यांचे यजमान शिंपीकाम करायचे, शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दाराशीच मांडलेलं असायचं, आणि दूध करपायला लागलं की ते मशीनवरूनच ओरडायचे, "अगं, गेलं!" मावशी म्हणायच्या, "मला घरी एक डिटेक्टर आहे, तो शर्टही शिवतो."

आमच्याकडे येण्याआधी मावशी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मदतनीस होत्या. तिथे विषारी वायू ओळखणाऱ्या पावडरींवर संशोधन चालायचं. कथिलाचं ऑक्साइड, जस्ताचं ऑक्साइड, टंगस्टनचं ऑक्साइड. पावडर तयार करायची, धुवायची, भट्टीत भाजायची, तिची खीर चिनी मातीच्या इवल्याशा नळीवर लावायची, आत तारेचं वेटोळं बसवायचं, ही सगळी कामं मावशींची. विद्यार्थी आलेख काढायचे. अकरा वर्षांत चौदा जण त्या पावडरींवर डॉक्टर झाले. चौदा प्रबंधांत शेवटून तिसऱ्या पानावर आभार आहेत: आधी मार्गदर्शकांचे, मग आईवडिलांचे, मग भावी पत्नीचे, आणि एकदम तळाला 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे'. एकाने तर पाळलेल्या मांजराचे मानले होते, ते कर्मचाऱ्यांच्या एक ओळ वर.

त्या चौदाही पावडरी काचेच्या बरणीत हुशार होत्या. बरणीत मोजून सोडलेला वायू त्या चुटकीसरशी ओळखत. बरणीबाहेर एकही आली नाही. विभागप्रमुखांना कोणी विचारलं की ते म्हणत, "बाहेरच्या हवेत फार गोष्टी असतात हो!" जणू काही विषारी वायू बरणीतच गळणार आहे.

ही पावडर वायू ओळखते तरी कशी, हे मी मावशींना एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं. मी वाणिज्य शाखेचा, मला इलेक्ट्रॉन म्हटलं की घाम फुटतो. मावशींनी डबा बाजूला सारला.

"भाऊ, पावडरीचा एकेक कण म्हणजे एक घर समजा. घरातली माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन. ती धावपळ करतात तेव्हा वीज वाहते. आता हे घर तीनशे अंशांपर्यंत तापवायचं. मग हवेतला ऑक्सिजन पाहुणा म्हणून येतो आणि उंबऱ्यावर ठाण मांडतो. असा तसा पाहुणा नाही, घरातली माणसं तैनातीला धरून ठेवणारा. माणसं अडकली की कामं ठप्प, वीज मंदावली."

"मग अमोनिया?"

"अमोनिया म्हणजे भांडखोर नातेवाईक. तो आला की थेट पाहुण्याच्या गळ्यात पडतो, आणि दोघं भांडत भांडत घराबाहेर जातात. माणसं सुटतात, कामाला लागतात, वीज धावते. किती धावली ते मोजलं की नातेवाईक किती आले ते कळतं. झालं."

"आणि ते नॅनो नॅनो म्हणतात ते?"

"घर लहान करायचं. केसाच्या जाडीचे दहा हजार तुकडे केले तर त्यातला एक, एवढं. मोठ्या घरात पाहुणा पुढच्या खोलीत बसला तर मागच्यांना पत्ता लागत नाही. एका खोलीच्या घरात पाहुणा आला की सगळ्यांचंच अडतं, आणि गेला की सगळेच सुटतात. म्हणून कण जितका बारीक तितका तो हळवा."

मला एका खोलीच्या घराचा अनुभव असल्यामुळे पटकन समजलं.

आमच्याकडे मटार, मासे, फळं आणि आइस्क्रीम गारठवून ठेवत. गारठवायला अमोनिया लागतो, तो यंत्रघरातून जाड पाइपांमधून फिरतो. पाइपात असेपर्यंत गुणाचा. बाहेर आला की डोळे, घसा आणि शेवटी माणूस घेऊन जातो. डिटेक्टर आम्ही काही माणसांच्या काळजीने बसवले नव्हते. विमा कंपनीने अट घातली होती. मावशी मात्र ते माणसांसाठीच आहेत अशा समजुतीत राहिल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिडी, चाचणीच्या वायूचा लहान सिलिंडर आणि वही घेऊन त्या बाराच्या बारा डिटेक्टरांपाशी जायच्या, प्रत्येकाला वायू हुंगवायच्या, किती सेकंदांत ओरडला ते लिहायच्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवे मॅनेजर आले. त्यांना आपण साहेब म्हणू, कारण त्यांना तेच आवडायचं.

साहेब सेंट लावत नसत, सेंटमध्ये भिजत. ते जिन्यावरून गेले की पाच मिनिटांनी जाणाऱ्यालाही कळायचं, साहेब वर गेलेत. आमच्या डोक्यात सणक जायची, पण आमच्या डोक्याला अलार्म जोडलेला नव्हता. यंत्रघराच्या बोळातल्या चार नंबरच्या डिटेक्टरला होता. पहिल्याच आठवड्यात साहेब काही बड्या गिऱ्हाइकांना प्लांट दाखवत त्या बोळातून निघाले, आणि चार नंबरने असा काही गळा काढला की गिऱ्हाइकं टोप्या सांभाळत फाटकापर्यंत पळाली. दुसऱ्या दिवशी साहेब एकटे गेले. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या बायका कामं सोडून बोळाच्या तोंडाशी उभ्या, साहेब कधी येतात ते बघायला.

साहेबांनी मावशींना बोलावलं. मी टाचण घ्यायला हजर होतो.

"हे यंत्र बिघडलंय."

"नाही साहेब. सेंटमध्ये अल्कोहोल असतं. या पावडरीला अमोनिया कळतो तसंच अल्कोहोलही कळतं. तिला माणूस ओळखता येत नाही, हुद्दाही ओळखता येत नाही."

"म्हणजे मी विषारी आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

मावशींनी विचार केला. तो करायलाच नको होता. तोंडातून पटकन 'छे छे' यायला हवं होतं. मग त्या म्हणाल्या, "थोड्या अंतरावरून नाही."

मी पेन्सिलीचं टोक मोडलं, म्हणजे खाली वाकता आलं.

साहेबांचा हुकूम निघाला: तीस भागांवर वाजणारा अलार्म तीनशेवर न्यावा. दहा लाख भाग हवेत तीस भाग अमोनिया असला की डिटेक्टर ओरडत असे. मावशी म्हणाल्या, "तीनशेला माणसाचा जीवच धोक्यात येतो. तेव्हा वाजवून काय करायचं? बैल गेला आणि झोपा केला!" साहेबांनी विचारलं, इथे बैल कोण. या प्रश्नाला बरी उत्तरं बरीच होती. मावशींनी आकडा बदलला नाही.

आठवड्याभरात त्यांची बदली मटाराच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवायला झाली. 'अनुभवी कर्मचाऱ्याच्या बहुआयामी विकासासाठी' असं ऑर्डरमध्ये आहे. शब्द साहेबांचे, टायपिंग माझं. डिटेक्टरांची देखभाल एका बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेली. त्याचा माणूस तीन महिन्यांतून एकदा यायचा, बोळातून चालत जायचा, हिरवे दिवे मोजायचा, बारा भरले की सही करायचा. साहेबांना तो फार आवडायचा. त्याने आकडाही तीनशेवर नेऊन दिला.

पुढे साहेबांच्या मनात सुरक्षेची ढाल भरली. अपघात न झालेल्या कारखान्यांना एक संस्था दरवर्षी 'शून्य अपघात' अशी ढाल देते. परीक्षक येणार म्हणून आठवडाभर प्लांटची अशी घासपूस चालली की भिंतींनाही आपण भिंती आहोत हे नव्याने कळलं असेल. जिन्याचे कठडे रंगवले. फाटकावर 'सुरक्षा प्रथम' असा फलक लावला. तो लावताना सुतार शिडीवरून पडला, पण तो रोजंदारीवरचा असल्याने शून्यात धरला नाही. आणि डिटेक्टर धुळकट दिसत होते, म्हणून सफाईवाल्याला चमक आणणाऱ्या फवाऱ्याचे डबे दिले, गाड्यांच्या आतल्या भागाला लावतात ते. त्याने मन लावून काम केलं. रोज सकाळी जाळीत फवारा, वरून फडकं.

मावशींनी त्याच्या हातातला डबा घेतला, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि मटकन खाली बसल्या. डब्यात सिलिकोन होतं.

"भाऊ, याची वाफ त्या तापलेल्या पावडरीवर गेली की वर काचेसारखा थर धरतो," त्यांनी मला येऊन सांगितलं. "मग पाहुणाही बसत नाही आणि नातेवाईकही पोचत नाही. घर आतून बंद. यंत्राला वाटत राहतं, हवा किती छान आहे!"

"पण दिवे तर हिरवे आहेत."

"दिवा हिरवा आहे तो वीज चालू आहे म्हणून. ते दिव्याचं मत आहे, पावडरीचं नाही."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी काचा पुसायच्या द्रवाची बाटली घेऊन फिरल्या. त्या द्रवात अमोनिया असतो. कापसाचा बोळा भिजवून त्यांनी एकेका डिटेक्टरच्या नाकाशी धरला आणि आकडा सरकतोय का ते पाहिलं. बारांपैकी नऊ मुके. आकडा शून्यावरून हलेना. उरलेले तीन वाचले ते सफाईवाल्याच्या आळसामुळे: दोन गोठणखोल्यांत उंचावर होते आणि एक मागच्या फाटकाशी होता, तिथवर शिडी न्यायचा त्याला कंटाळा आला होता.

मावशींनी अर्धं पान अर्ज लिहिला. कोणते नऊ, कशाने गेले, काय तपासलं, काय बदलायला हवं. मी आवकचा शिक्का मारला, क्रमांक दिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो परत आला तेव्हा समासात लिहिलं होतं: 'पाहिले. संबंधितांनी आपापले काम पाहावे.' मी तो फायलीत लावला. मला तेव्हा काय वाटलं असं कोणी विचारलं तर, पंच मशीनचा दात बोथट झालाय असं वाटलं. मी त्या प्रकारचा माणूस होतो.

मावशी त्या प्रकारच्या नव्हत्या. कॉलेज सोडताना प्रयोगशाळेतून फेकून द्यायला काढलेली कथिलाच्या ऑक्साइडची एक बाटली त्यांनी मागून आणली होती. घरी जेवायच्या टेबलावर त्यांनी नळी, तार, आकडे दाखवणारी छोटी पट्टी आणि मोबाइल चार्ज करायची बॅटरी जोडून एक खोकं तयार केलं. मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात थेंब मोजून टाकत आठ दिवस त्याला आकडे शिकवले. यजमानांनी गळ्यात अडकवायला पिशवी शिवली. पहिली पिशवी अगदी सुबक, अस्तर लावून, भोक एकही नाही.

"अहो, याला श्वास घ्यायचाय!"

"मग शिवायला कशाला सांगितलंस? दोरी बांधायची होती," असं म्हणत त्यांनी दुसरी जाळीच्या कापडाची शिवली. दुसऱ्या दिवसापासून नाकमावशी गळ्यात नाक घालून येऊ लागल्या, आणि लेबल विभागाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

ढाल मिळाली. ती द्यायचा समारंभ एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता. तीन परीक्षक, साहेबांची पत्नी, मुख्य कचेरीचे दोन अधिकारी, फोटोग्राफर. मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसत होत्या. साहेब माझ्या कानात म्हणाले, "पॅकिंगमधल्या दहा बायका आणा. स्वच्छ दिसणाऱ्या."

मी खाली पॅकिंग हॉलमध्ये गेलो. मटाराचा पट्टा चालू होता, दोन्ही बाजूंना एकतीस बायका खाली माना घालून किडके दाणे वेचत होत्या. टोकाला मावशी लेबलांचं काम टाकून उभ्या. गळ्यातलं खोकं पिकपिकत होतं.

"अडतीस," त्या मला बघून म्हणाल्या. "मघाशी बावीस होतं. यंत्रघराच्या बाजूने येतंय. सगळ्यांना बाहेर काढा."

पॅकिंगच्या सुपरवायझरने बोळातल्या डिटेक्टरकडे बोट केलं. "मावशी, अलार्म वाजलाय का? नाही. दिवा हिरवा आहे का? आहे. मग? आज आठ टन जायचंय."

"बावन्न," मावशी म्हणाल्या.

"कोणीतरी सेंट मारला असेल."

बायका हसल्या. हात थांबले नाहीत. मावशींनी त्यांच्याकडे वळून मोठ्याने सांगितलं, "अगं, गॅस सुटलाय, चला बाहेर!" दोघी-तिघींनी सुपरवायझरकडे पाहिलं आणि पुन्हा मटाराकडे. पट्टा चालू असताना जागा सोडली तर पाळीचे पैसे बुडतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गॅसबद्दल तेवढं पक्कं काही ठाऊक नव्हतं. मीही तिथेच उभा होतो, आणि मनात कोणत्या दहा जणी स्वच्छ दिसतात ते पाहत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच बसलो आहे.

"एकाहत्तर."

मावशी तरातरा गेल्या आणि पट्ट्याचं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. मग त्यांनी असा काही आवाज काढला की मटारसुद्धा दचकले असतील: "चहाऽऽ! समारंभाचा चहा! मागच्या मैदानात! बिस्किटं संपायच्या आत चला!"

दोन मिनिटांत हॉल रिकामा. एकतीस बायका गेल्या, आणि सगळ्यांच्या पुढे सुपरवायझर.

"भाऊ, वर जा. यंत्रघराच्या मिस्त्रींना आणा, मुखवटा घालून यायला सांगा. आणि वरच्यांनाही खाली उतरवा. पळा!"

मी पळालो. मिस्त्री सभागृहात मागे झोपले होते. त्यांना तिथे 'तांत्रिक कर्मचारी' म्हणून बसवलं होतं. मी कानात सांगितल्याबरोबर ते उठून गेले, एक शब्द न विचारता. त्यांनी आयुष्यभर अमोनिया हाताळला होता, त्यांना हिरव्या दिव्याची गरज नव्हती. मी साहेबांना सांगायला व्यासपीठापाशी पोचलो तेव्हा बोळाच्या बाजूच्या खिडकीतून तो वास आत आला होता. ज्याने घेतला नाही त्याला सांगता येणार नाही. कपाळात कोणी खिळा ठोकावा तसा. परीक्षक खोकू लागले. साहेबांच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. साहेबांच्या हातात माइक होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते आनंदाश्रू वाटावेत अशा बेताने ते म्हणाले, "कृपया सर्वांनी बसून घ्यावं. अलार्म वाजलेला नाही."

कोणी बसलं नाही. परीक्षक ढाल घेऊनच पळाले.

मिस्त्रींनी झडप बंद केली. तिच्या दांड्याभोवती गळती रोखायला भरलेलं पॅकिंग सुटलं होतं. वेळ लागला, मुखवट्यातूनही त्यांचे डोळे भाजले. ते आणि एक पॅकिंगवाली बाई, जी विसरलेली चप्पल न्यायला परत आत गेली होती, अशी दोघं चार दिवस इस्पितळात होती. बाकी सगळे वाचले. मैदानात बायका खोकत उभ्या होत्या आणि विचारत होत्या, "मावशी, चहा कुठाय?"

मावशी एका पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाल्या, "भाऊ, खरंच वास येतोय ना?"

"येतोय मावशी. भयंकर येतोय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे मिटले आणि रडायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या बाईंनी एकतीस जणींना खोटं बोलून बाहेर काढलं होतं ते स्वतःला काहीही जाणवत नसताना, घरी टेबलावर बांधलेल्या तांदळाएवढ्या नळीच्या भरवशावर.

चौकशी झाली. समिती तिघांची: अध्यक्ष साहेब, सदस्य पॅकिंगचा सुपरवायझर, दुसरे सदस्य डिटेक्टरांचे कंत्राटदार. याहून जवळून माहिती असलेली माणसं मिळाली नसती. मावशींना बोलावलं.

"घटनेच्या वेळी तुम्हाला अमोनियाचा वास आला का? हो की नाही?"

"नाही, पण साहेब, मला..."

"लिहा. वास आला नाही."

"मला कसलाच वास येत नाही! माझ्या खोक्यात एकशे ऐंशीपर्यंत आकडा..."

"ते खोकं मानांकित आहे का?"

"नाही."

"लिहा."

मी लिहिलं. अहवाल सहा पानांचा झाला. त्यातला निष्कर्ष मला आजही पाठ आहे, कारण तो मी तीनदा टाइप केला. साहेबांना स्वल्पविराम आवडेनात. 'बाराही मानांकित उपकरणांनी वायूची नोंद केलेली नाही. काही कर्मचारी व पाहुणे यांनी वास आल्याचे सांगितले, तथापि मानवी नाक हे मानांकित उपकरण नसल्याने ती निरीक्षणे ग्राह्य धरता येत नाहीत. सबब वायुगळती झाल्याचे सिद्ध होत नाही. उपस्थितांना झालेला त्रास सामूहिक घबराटीमुळे असावा.' मिस्त्रींच्या डोळ्यांबद्दल लिहिलं, 'पूर्वीपासून लाल.' आणि त्याच पानावर शिफारस होती, झडपेचं पॅकिंग तातडीने बदलावं. जे गळलंच नाही ते पुन्हा गळू नये म्हणून.

ढाल परीक्षकांनी पोस्टाने पाठवली. एक कोपरा चेपला होता.

मावशींना कारणे दाखवा नोटीस गेली. आरोप तीन: विनापरवाना पट्टा थांबवणे, अवेळी चहा जाहीर करणे, अनधिकृत उपकरण गळ्यात घालणे. त्यांचं उत्तर माझ्याकडेच आवक झालं. चार ओळी होत्या: 'पट्टा थांबवला हे खरे. उपकरण घातले हे खरे. चहा नसताना चहा सांगितला ही माझी चूक, त्याबद्दल पॅकिंगच्या बायकांची माफी मागितली आहे. गॅस होता.'

ते 'गॅस होता' मी दोनदा वाचलं. शिक्का मारला.

मी शूर माणूस नाही. कोणाला टोपी घालायची म्हटलं तरी मला आधी नियम शोधावा लागतो. त्या दिवशी तो सापडला. चौकशीचा अहवाल विमा कंपनीला पाठवताना 'विषयाशी संबंधित सर्व आवक कागद सोबत जोडावेत' असं आमच्याच कार्यपुस्तिकेत होतं. साहेबांनी फक्त अहवाल पाठवायला सांगितला होता, पण तोंडी. मी सोबतच्या कागदांची यादी केली. चौदा कागद. त्यात नववा, नऊ मुक्या डिटेक्टरांचा मावशींचा अर्ज, माझ्या शिक्क्यासह, समासातल्या साहेबांच्या अक्षरासह. पाकिटाची डिंकाची कड ओली करायला गेलो तर जीभ कोरडी. बोट पाण्यात बुडवून चिकटवली.

विमा कंपनीला मावशींच्या जिवाची पर्वा नव्हती, आमच्याही नव्हती. पण आपली फसवणूक झाली असं वाटलं की अशा कंपन्यांना एकदम माणुसकी सुचते. त्यांचा तपासनीस चाचणीचा सिलिंडर घेऊन न सांगता आला. नऊ डिटेक्टरांपुढे त्याने वायू सोडला, नऊही गप्प. त्याने मावशींचा अर्ज काढला, नंबर ताडून पाहिले, एकही चुकला नव्हता. "हे कोणी तपासलं?" त्याने विचारलं. मावशी लेबलं चिकटवत होत्या. काचा पुसायच्या द्रवाने तपासलं हे ऐकून तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर जे झालं ते न्यायाच्या जवळपासचं होतं, अगदी न्याय नव्हे. नऊ डिटेक्टर बदलले. आकडा तीसवर आला. कंत्राटदार गेला. नोटीस 'दप्तरी दाखल' झाली, म्हणजे मागे घेतली नाही, फक्त विसरली. साहेबांचं काय झालं विचाराल, तर त्यांना मुख्य कचेरीत बढती मिळाली, सर्व प्लांटांचे सुरक्षा सल्लागार म्हणून. एवढी मोठी गळती होऊन एकही नोंद नसलेला अधिकारी त्यांना दुसरा मिळाला नाही.

मावशी यंत्रांवर परत आल्या. नवे मॅनेजर साधे गृहस्थ, साबणापलीकडे काही लावत नाहीत. मावशींनी त्यांच्याकडे एकच मागितलं: पॅकिंगमधल्या दोघी शिकायला द्या. आता त्या दोघी शिडी लावून स्वतः डिटेक्टर तपासतात, आणि आकडा सरकायला उशीर झाला तर त्याला अशा शिव्या देतात की कुठलाही प्रबंध त्या छापणार नाही.

पण एका गोष्टीने मावशी चिडल्या. तपासणीत अलार्म वाजायचा, आणि एकजणही जागचा हलायचा नाही. "मावशी, तुम्हीच तर वाजवताय," असं हसून म्हणायचे सगळे. म्हणून त्यांनी मॅनेजरांची परवानगी काढून न सांगता वाजवायला सुरुवात केली. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी मस्टर भरत होतो. पुढचं मला नीट आठवत नाही. मैदानात पोचलो तेव्हा एका पायात बूट होता आणि आसपास चिटपाखरू नव्हतं, फक्त मावशी घड्याळ आणि वही घेऊन उभ्या.

"बाकीचे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"येत असतील."

"त्यांना सांगितलंत का निघताना?"

मी दुसरा बूट शोधायला वळलो. कचेरीतले शेवटी येऊन पोचले तेव्हा मावशींनी वहीत लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं: "कचेरी, चार मिनिटं वीस सेकंद. कारकून, अडतीस सेकंद." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी जाताना दारावर थाप तरी मारा, भाऊ."